मामाचे चार मांगूर

आमच्या घराण्यात कुठलाही कार्यक्रम असो, जेवणं आटोपली की कुणीतरी म्हणतंच, "दिलीपला बोलू द्या." मी सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळून केस पांढरे केलेला माणूस. माझं घरात बायको ऐकत नाही आणि कचेरीत शिपाई ऐकत नाही, त्यामुळे पंगतीनंतर सुस्तावलेले श्रोते मिळाले की मी त्यांना सोडत नाही. मामा गेल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनालाही तेच झालं. भन्तेजींचं झालं, खीर झाली आणि एक मावसभाऊ म्हणाला, "दादा, तो मांगुराचा किस्सा सांग ना." मी सांगितला. लोक पोट धरून हसले. मामीसुद्धा तोंडाला पदर लावून हसली.

किस्सा मी जिथे थांबवला तिथे तो संपत नाही. हे त्या मांडवात फक्त मामीला आणि मला माहीत होतं. घरी आलो, शर्ट काढला, खिडकीतल्या काचेच्या पेटीत चिमूटभर खाणं टाकलं आणि बसून राहिलो. रडू वगैरे आलं नाही. बायकोने विचारलं, "चहा ठेवू?" मी म्हटलं, ठेव.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, वामन रोकडे. अंबरनाथला एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ईटीपीवर होता. ईटीपी म्हणजे कंपनीतलं घाण पाणी साफ करून बाहेर सोडायचा प्लँट. मामाची सगळी उमर त्या पाण्याच्या काठावर गेली. त्याचा खाकी शर्ट कडक इस्त्रीचा असायचा, पण इस्त्रीच्या खालून एक आंबूस वास यायचा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच मामांना तसा वास येतो.

त्याला एक खोड होती. पाण्याचा पेला हातात आला की आधी नाकाशी न्यायचा. हॉटेलात, लग्नात, कुणाच्याही घरी. मला मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी मोठ्या अदबीने पाण्याचा ट्रे पुढे केला. मामाने पेला हुंगला, डोळे मिटले आणि म्हणाला, "ब्लीचिंग जास्त पडलंय." सासरे उल्हासनगरला पाणी खात्यातच होते. बैठक अर्ध्या तासात उठली. तरी लग्न झालं. त्याचं श्रेय सुषमा आजतागायत स्वतःच्या सोशिकपणाला देते.

कसा आहेस विचारलं की मामा "मजेत" म्हणायचा नाही. म्हणायचा, "ड्युटी आहे." ताप असला तरी ड्युटी आहे, मुलगी सासरी गेली तरी ड्युटी आहे. आणि रोज सकाळी आंघोळ झाली की बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीपुढे उभा राहून पंचशील म्हणायचा, खणखणीत आवाजात. पहिलं शील तर असं म्हणायचा की चाळीतल्या चार खोल्यांना कळावं, वामन रोकडे आजही कुठल्या जिवाची हत्या करणार नाही. शेजारची म्हातारी म्हणायची, "वामनचं झालं बाई, आता नळाला पाणी येईल."

तर त्या ईटीपीच्या शेवटाला एक काचेची टाकी होती. साफ झालेलं पाणी त्या टाकीतून पुढे जायचं आणि टाकीत मासे असायचे. मासा जिवंत म्हणजे पाणी चांगलं. साहेब लोक पाहणीला आले की त्यांना आधी मासे दाखवायचे. कागद कुणीही लिहितो, मासा खोटं पोहत नाही, असं मामा म्हणायचा.

हे मासे मामा स्वतः आणायचा. चिखलोलीच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला एक ओहोळ आहे. त्यावर उंबराचं झाड आणि झाडाखाली डोह. मामा लहानपणी त्यात पोहायला शिकला, आणि मला त्याने त्यातच ढकलून पोहायला शिकवलं. मी शिकलो नाही, ती गोष्ट वेगळी. त्या डोहात मळ्ये होते, मुरे होते, दगडाखाली चिंबोऱ्या होत्या आणि कडेच्या उथळ पाण्यात बोटाच्या पेराएवढे मासे असायचे, डोक्यावर चांदीचा एक ठिपका. त्यांना दुसरं काही नाव असेल. मामा त्यांना टिपकी म्हणायचा. वरून बघितलं की पाण्यात नुसते ठिपके हलताना दिसायचे.

मामाने या माशांना ड्युटी लावली होती. सात दिवस टाकीत. सात दिवस जगला तो मासा रविवारी डब्यात घालून परत डोहात सोडायचा आणि नवीन बॅच आणायची. मेला तो प्लँटमागच्या करंजाखाली पुरायचा. सुपरवायझर चिडायचा, "रोकडे, मासे आहेत का पाहुणे आहेत?" मामा म्हणायचा, "साहेब, तुमची शिफ्ट संपते. त्यांची पण संपली पाहिजे."

सुरुवातीला करंजाखाली जागाच जागा होती. मग कंपनी वाढली, माल बदलला, पाणी बदललं. टिपकी आधी पाचव्या दिवशी मरायला लागले, मग दुसऱ्या, आणि एका उन्हाळ्यात सकाळी सोडलेले दुपारच्या जेवणाच्या भोंग्यापर्यंत आडवे झाले. मामाने सुपरवायझरला सांगितलं, पाण्यात लोचा आहे. सुपरवायझर म्हणाला, "पाण्यात नाही, माशात लोचा आहे. दुसरे आणा." मामाने डोहावरून मासे आणणं त्या दिवशी बंद केलं. मरायला माणूस पाठवतात का ड्युटीवर, म्हणाला. पण साहेब लोक तर यायचेच होते.

म्हणून आम्ही उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात गेलो. आम्ही म्हणजे मामा आणि पिशवी धरायला मी. जीन्सच्या दुकानांमागे एका गल्लीत सिंध्याचं माशांचं दुकान होतं. मामा त्याला साईं म्हणायचा, तोही मामाला साईं म्हणायचा. मध्ये उभं राहिलेल्या मला दोघांपैकी कोण कुणाला बोलतोय तेच समजायचं नाही.

मामा म्हणाला, "साईं, पाणी खराब है. टिकनेवाला मच्छी दो."

"कितना खराब?"

मामाने नुसती मान हलवली.

साईंने मागच्या पिंपातून एक काळी, मिशीवाली, गुळगुळीत गोष्ट उचलली. "ये लो. मांगूर. अरे साईं, इसको पानी भी नहीं मंगता. गटर में डालो, नाचेगा. आपन मरेंगे, ये नहीं मरेगा."

चार घेतले. ते टाकीत गेले आणि मामाच्या नोकरीतला सगळ्यात शांत काळ सुरू झाला. पाणी पिवळं असो, तांबूस असो, मांगूर वर येणार, तोंडाने हवेचा एक घोट घेणार आणि खाली जाणार. साहेब आले की वाकून बघायचे आणि खूश व्हायचे. एका पाच जूनला तर पर्यावरणाच्या कार्यक्रमात मामाला शाल आणि कुंडी मिळाली. कुंडीतलं रोप प्लास्टिकचं होतं. मामाने ते घरी आणून टीव्हीवर ठेवलं आणि जेवताना म्हणाला, "मांगूर जगला म्हणजे पाणी चांगलं नाही रे दिल्या. मांगूर चिवट आहे, एवढंच." मी तेव्हा दुसऱ्यांदा मटण वाढून घेत होतो. हो म्हटलं.

मामा रिटायर झाला त्याच महिन्यात कंपनीने टाकी काढायची ठरवली. तिथे पाणी तपासायचं मशीन बसणार होतं. चार मांगूर एव्हाना माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब झाले होते. सुपरवायझर म्हणाला, "कापून खा, नाहीतर द्या फेकून." निरोप समारंभाचा झेंडूचा हार गळ्यात तसाच ठेवून मामाने रंगाच्या मोठ्या बादलीत मासे घेतले, वर ओलं गोणपाट बांधलं आणि मला फोन केला, "ये. यांना पण रिटायर करायचंय."

इथून तो किस्सा सुरू होतो ज्याच्यावर लोक हसतात. अंबरनाथ ते चिखलोली, शेअर रिक्षा. मागे मी, माझ्या मांडीवर बादली, शेजारी हार घातलेला मामा आणि पलीकडे भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई. फाटकापाशी खड्डा आला, गोणपाट सुटलं आणि एक मांगूर बाहेर येऊन बाईंच्या पायांवर पडला.

"अगं आई गं! साप! साप!" बाईंचे दोन्ही पाय मामाच्या खांद्यापर्यंत आले.

रिक्षावाल्याने ब्रेक मारला. "ए काका! क्या लेके बैठा है?"

मामा खाली वाकून मांगूर पकडत होता. तो हातातून निसटत होता. मामा तसाच वाकलेला म्हणाला, "स्टाफ आहे."

"क्या?"

"कंपनीचा स्टाफ आहे. आजच रिटायर झालेत."

रिक्षावाल्याने आम्हाला स्टाफसकट उतरवलं. उरलेलं अंतर चालत गेलो. कपडे असे भिजले होते की बघणाऱ्याला वाटावं, मीही टाकीतूनच रिटायर झालोय. डोहावर पोचल्यावर मामाने हारातली चार फुलं काढून पाण्यावर सोडली, पहिलं शील मोठ्याने म्हटलं आणि एकेक मांगूर दोन्ही हातांनी पाण्यात ठेवला. म्हणाला, "जा. खूप सोसलंत. आता आराम करा." शेवटचा हाती लागेना म्हणून बादली मीच उपडी केली, हे सांगायला हवं. मांगूर काळ्या पाण्यात गेले. कडेचे टिपकी फुटल्यासारखे पांगले आणि पुन्हा जमले. मामा इतका हलका झालेला मी त्याच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

मांडवात मी इथे थांबलो.

पुढे मी चिखलोलीलाच फ्लॅट घेतला. नवीन स्टेशन होणार म्हणून. स्टेशन होईल तेव्हा होईल, तोवर एजंटने बाल्कनीतून हात करून "तिकडे प्लॅटफॉर्म" म्हणून दाखवलेल्या दिशेला बघत मी रोज चहा पितो. दोन-चार पावसाळे गेले आणि आमच्या टॉवरात डेंग्यू आला. आधी तिसऱ्या मजल्यावर, मग सातव्या, मग मला. मी दहा दिवस अंथरुणात होतो. घराण्याला दहा दिवस शांतता मिळाली. मामा बघायला आला, पपई घेऊन. त्याच वेळी फवारणीवाला आला होता. तो म्हणाला, "काका, आम्ही मारतोय, पण उगम तिकडे मागे आहे. त्या उंबराखालच्या डोहात अळ्याच अळ्या."

मामाने हातातली पपई खाली ठेवली. "डोहात? डास? आणि टिपकी काय करतात?"

"कोण टिपकी?"

मामा तसाच निघाला. मला धड उभं राहवत नव्हतं, तरी मागे गेलो. डोह दिसला तो ओळखू येईना. पाणी गढूळ, कडा उकरलेल्या. मामाने ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं आणि सोडून दिलं. मग कडेला उकिडवा बसून उथळ पाण्यात बघत राहिला. ठिपके नव्हते. एकही नव्हता. अळ्या वळवळत होत्या. मध्यावर पाण्यातून एक मिशीवालं तोंड वर आलं, हवा प्यालं, गेलं. मग दुसरीकडे. मग तिसरीकडे. चार नव्हते ते. त्यांचं खानदान होतं.

तिथे वाडीवरची जनीबाई टोपली घेऊन आली होती. ती आयुष्यभर याच ओहोळात मासे-चिंबोऱ्या धरायची आणि बदलापूर गावात नेऊन विकायची. टोपली रिकामी होती. मामाला बघून म्हणाली, "काय बघतंस बाबा? सपला सगला. मल्ये नाय, मुरे नाय, चिंबोरी नाय. ये कालं आलं नि सगला गिलून बसलं. कोन्या मुडद्यान हितं आनून सोरलंन, त्याचा तलपट होवो."

मामा म्हणाला, "मी सोडलं."

जनीबाई हसली. "तू? जा रं. तू मुंगी मारनार नाय."

"मीच सोडलं, जनीबाई."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, मग माझ्याकडे. मी दुसरीकडे बघितलं. ती टोपली उचलून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतताना मामा एकदाच बोलला. "दिल्या, हे बारके मासे अळ्या खायचे. कुणी सांगितलं नव्हतं, पगार नव्हता. रोज खायचे. आपल्याला वाटायचं, डास नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून मामाचं पहिलं शील बदललं. मामीच्या ते आधी लक्षात आलं. बाकीची चार खणखणीत, पण पहिल्याला नुसते ओठ हलायचे, आवाज नाही. त्याच आठवड्यात त्याने आयुष्यात पहिल्यांदा गळ विकत घेतला. रोज दुपारी डबा खाऊन, टोपी घालून तो डोहावर जायचा आणि मांगूर धरायचा. मासा दगडावर आपटताना तोंड फिरवायचा नाही. मेलेला उंबराखाली पुरायचा. मी विचारलं, "मामा, कसं काय चाललंय?" म्हणाला, "ड्युटी आहे." आवाजात काही नव्हतं. राग चालला असता, दुःख चाललं असतं, काहीतरी हवं होतं. पण काहीच नव्हतं.

किती धरले तरी ते संपत नव्हते. एका वर्षी मात्र थंडी आलीच नाही, मार्चातच ऊन असं पेटलं की ओहोळाची धार तुटली. आमच्या लहानपणी मे महिन्यातही त्या डोहात पाय टेकायचे नाहीत. त्या मेमध्ये डोह साफ आटला. मामा मला बोलवायला घरी आला, जवळजवळ हसत. "आटला रे. आता कुठे जातील?" आम्ही गेलो. नुसता चिखल होता, भेगा पडत चाललेला. आम्ही बघत उभे राहिलो आणि थोड्या वेळाने चिखल एका जागी हलका फुगला, खाली बसला. मग दुसऱ्या जागी. आत ते होते. श्वास घेत होते. मामाने फावडं आणलं होतं. कंबरेत वाकून संध्याकाळपर्यंत खणलं. मी दोनदा हात लावला, मग पाठीचं कारण सांगून उंबराखाली बसलो. पुढच्याच आठवड्यात अवकाळी असा कोसळला की डोह एका दुपारीत भरला, आणि आठ दिवसांत पुन्हा तोंडं वर यायला लागली.

तेव्हापासून मामा वेगळंच काहीतरी शोधायला लागला. ओहोळ, खाचरं, दगडखाणीतली डबकी, सगळीकडे कंबरभर पाण्यात उभा राहून कडेला बघायचा. रिक्षावाल्यांना विचारायचा, विहीर कुठे आहे का जुनी? शेवटी बदलापूर गावात एका घरामागे वापरात नसलेली विहीर सापडली. मालक तिच्यावर स्लॅब टाकणार होता. मामाने वाकून पाहिलं आणि तिथेच बसला. खाली ठिपके हलत होते.

मालकाच्या हातापाया पडून, दोरीला चाळणी बांधून त्याने बारा टिपकी वर काढले. घरी टीव्हीवरचं प्लास्टिकचं रोप गेलं आणि तिथे काचेची पेटी आली. मामी म्हणायची, "मालिका बघताना मासेच दिसतात मेले." पण बाहेर ठेवलेल्या त्या कुंडीत साचलेल्या पाण्यातल्या अळ्या चमच्याने गोळा करून त्यांना घालायची तीच.

आणि दर रविवारी मामा त्यांतले सहा स्टीलच्या डब्यात घ्यायचा. झाकणाला भोकं पाडलेला डबा, ईटीपीच्या वेळचाच. डोहावर जायचं, डबा सावलीत ठेवायचा, गळ टाकायचा. त्याने स्वतःशी नियम केला होता. ज्या रविवारी सबंध दुपारभर एकही मांगूर गळाला लागणार नाही आणि वर येताना दिसणार नाही, त्या रविवारी टिपकी सोडायचे. नाहीतर परत घरी. मी हिशेबी माणूस, मी म्हटलं, "मामा, सोडून तर बघ. जगले तर जगले." मामाने माझ्याकडे असं बघितलं, की मांडीवरची बादली मला पुन्हा जड लागली.

"सोडून बघितलंय एकदा," तो म्हणाला.

किती रविवार गेले मला आठवत नाही. मी कधी जायचो, कधी डोकं दुखतंय म्हणायचो. आता ती पेटी माझ्याकडे आहे. मामीला ती बघवत नाही. बारांचे बरेच जास्त झालेत. सुषमा म्हणते, पाचव्या मजल्यावर एवढे मासे करायचे काय? मी सांगतो, ड्युटीवर आहेत.

मी मामाबरोबर शेवटचा गेलो तो रविवार गेल्या पावसाळ्यानंतरचा. तो जाण्याच्या नऊ दिवस आधीचा. पाणी बऱ्यापैकी निवळलं होतं. मामा जेवून दोनला बसला. तीन वाजले, गळ हलला नाही. चार वाजले. मी आणलेली भजी एकट्यानेच संपवली आणि मलाही कळायला लागलं की आज काही वर आलेलं नाही. पाण्यावर उंबराची पानं पडत होती आणि तिथेच राहत होती. पलीकडे टॉवरच्या साइटवर मिक्सर फिरत होता. मामाने माझ्याकडे बघितलं नाही.

साडेपाचला मामाने गळ गुंडाळला. टोपी काढून दगडावर ठेवली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उथळ पाण्यात उतरला, ओंजळभर पाणी घेऊन हुंगलं आणि मागे हात केला. मी डबा दिला. त्याने झाकण काढलं. आत सहा ठिपके एका दिशेला तोंड करून थांबले होते. मामाने डबा पाण्यावर तिरका धरला, पाण्याला पाणी लागेपर्यंत, आणि पहिलं शील म्हणायला लागला. मोठ्याने. किती दिवसांनी मी त्याचा तो आवाज ऐकत होतो.

अर्ध्यावर तो थांबला. समोर, उंबराच्या सावलीत, पाण्यावर एक वर्तुळ उठलं होतं. लहानसंच. हळूहळू मोठं होत ते मामाच्या पोटऱ्यांपर्यंत आलं आणि विरलं.

पान पडलं असेल, मी म्हणणार होतो.

मामाने डबा सरळ केला. झाकण लावलं, भोकं मोकळी आहेत का ते बोट फिरवून बघितलं. बाहेर आला, टोपी घातली, पँट खाली केली.

"चल," म्हणाला. "पुढच्या रविवारी."